धुरपदानं जाळलेलं आसन

फार वर्षांपूर्वी तळमाथ्याच्या ओढ्याकाठी गारुड्यांची वस्ती होती. घरोघरी एक करंडी आणि करंडीत एक नाग. आम्ही नागाला लेकरासारखा सांभाळतो, असं ते सगळ्यांना सांगायचे. सांगेनात का बापडे! कसला सांभाळ होता तो, ते आता ऐकाच.

प्रत्येक करंडीत नागाच्या अंगाखाली एक फडकं असायचं. त्याला म्हणायचे आसन. मूळ पुरुषाला गुरूनं आपलं पागोटं दिलं होतं, त्याचेच हे तुकडे, बापाकडून लेकाकडं आलेले. नाग मेला की दुसरा यायचा, आसन मात्र तेच. ते धुवायचं नाही, उन्हात घालायचं नाही, पाणी लागलं की गुरूची कृपा वाहून जाते म्हणे. आणि बाईमाणसानं करंडीला शिवायचं नाही, विटाळ होतो. करंडी सारवायला शेण आणायचं ते बाईनं, नागासाठी बेडूक धरून आणायचे तेही बाईनं. त्याचा विटाळ होत नव्हता बरं का!

या वस्तीत धुरपदा राहायची. तिचा नवरा म्हसू तापानं गेला होता, पोरबाळ नव्हतं. म्हसूमागं राहिला होता फक्त त्याचा गव्हाळ्या, गव्हाच्या रंगाचा नाग. रिवाजाप्रमाणं तो दिराकडं जायचा. पण त्या साली वस्तीतले नाग एकामागून एक मरत होते, म्हणून दीर काही फिरकला नाही. मरतुकड्याचं ओझं कोण घेतो?

गव्हाळ्यानंही खाणं सोडलं होतं. फणा काढेना, कात अंगावरच तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहिली. पाण्याच्या थाळीत तो दिवस दिवस बुडून बसायचा, आणि बाहेर आला की करंडीच्या कडेला अंग घासायचा. वस्तीचा नाईक सुभाना म्हणाला, "कोप झालाय. दुधाचा अभिषेक करा." मग काय, घरात पोरं दुधावाचून रडत असताना करंड्यांत दूध ओतलं गेलं. आसनाला पाणी चालत नव्हतं, दूध चालत होतं! आसनं ओली, आंबूस झाली आणि आणखी नाग मेले.

धुरपदाला राहवेना. तिनं विटाळ बसवला धाब्यावर आणि गव्हाळ्याला उचलून मांडीवर घेतलं. म्हसू गेल्यापासून त्याला कुणी हातच लावला नव्हता. त्याच्या डोळ्यांच्या कडांना, हनुवटीखालच्या खवल्यांत तिला काळे ठिपके दिसले, खसखशीएवढे. ठिपके चालत होते. तिनं थाळीत पाहिलं, तर तळाशी तसलाच गाळ. आसन उचलून झटकलं, तर सगळी जमीन वळवळली. कोप नव्हता की काही नव्हता. पिढ्यानपिढ्या जपलेल्या त्या फडक्यात कीड पोसली होती आणि ती नागाचं रक्त पीत होती.

धुरपदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं आसन उचललं आणि चुलीत घातलं. करंडीही घातली. मग परातीत कोमट पाणी घेऊन गव्हाळ्याला त्यात बसवलं. असं म्हणतात, त्यानं तिच्या तळहातावर डोकं टेकलं आणि सगळी कीड सुटून पाण्यात पडेपर्यंत हललासुद्धा नाही. मग बोटावर तेल घेऊन तिनं त्याचा खवला न् खवला पुसला.

जळत्या आसनाचा वास वस्तीभर गेला. चिंचेखाली पंच बसले. सुभाना गरजला, "बाई असून करंडीला शिवलीस, आन् गुरूचं आसन जाळलंस!"

"आसन न्हवं, किडीचं घर जाळलं," धुरपदा म्हणाली. "नाईक, ज्याच्या जिवावर पोट भरता, त्याला घाणीत निजवता व्हय? तुमचंच आसन आणा की हितं."

आणि कुणी अडवायच्या आत तिनं सुभानाच्या पुढ्यात ठेवलेल्या करंडीतलं आसन ओढून त्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर झटकलं. असं म्हणतात, धोतर चालायला लागलं! नाईक बोंबलत उठला आणि धोतर सावरत चिंचेभोवती नाचला. माणसं हसली. इथंच घात झाला. चूक दाखवणाऱ्याला एखादा माफ करील, पण चारचौघांत हसं झालेला माणूस माफ करत नाही.

"चेटूक हाय!" नाईक ओरडला. पंचांनी माना डोलावल्या. धोतर त्यांनीही डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी डोलावल्या! धुरपदाला वाळीत टाकलं. तिला विस्तव द्यायचा नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिनं ओढ्याच्या अलीकडं पाऊल टाकायचं नाही.

ती गव्हाळ्याला घेऊन ओढ्यापलीकडं गेली. तिथं डोहाकाठच्या खडकात उन्हानं पाणी कोमट व्हायचं. रोज त्यात त्याला बसवायची, रोज खालचा पाला बदलायची, जुना जाळायची. आणि एके सकाळी गव्हाळ्यानं कात टाकली, सबंध, डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट. ती काठीला बांधून तिनं उभी केली, तर वाऱ्यावर पताकेसारखी फडफडली.

पाणी भरायला आलेल्या बायकांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक बाई डोक्यावर करंडी घेऊन ओढ्यात उतरली. ती कोण होती? सुभानाचीच बायको, येसा. तिच्यामागं सगळ्या वस्तीच्या बायका, डोक्यावर करंड्या. असं म्हणतात, नाग आपणहून उतरले, रांगेनं डोहात शिरले आणि डोह काळा झाला. काठावर सगळी आसनं जळली.

त्यानंतर एकही नाग मेला नाही. आणि सुभाना काय म्हणाला? "अभिषेकाचा गुण आला!" बोला आता! पंचांनी धुरपदावरचा बहिष्कार उठवला नाही, तेव्हाही नाही आणि ती मेली तेव्हाही नाही. गव्हाळ्याला तिनं केव्हाच रानात सोडलं होतं. पण बायका तिला शेवटचं न्हाऊ घालायला गेल्या, तेव्हा तो तिच्या पायाशी बसला होता. अंग लख्ख, कीड औषधालाही नाही.

आता तळमाथ्यात साप पाळत नाहीत, नागपंचमीला दूधही पाजत नाहीत. पण पंचमीच्या आदल्या दिवशी सगळी वस्ती चुली विझवते आणि ओढ्यापलीकडं जाते. नाईकाच्या घरचा कर्ता पुरुष स्वतःचं पांढरं धोतर तिथं अंथरतो. बायका त्यावर पाट्या, वाकळा, झोळीतली फडकी झटकतात, आणि तो मान खाली घालून बघतो. धुरपदा वाळीत, म्हणून त्या दिवशी सगळी वस्ती वाळीत.

एकदा वस्तीतल्या शहाण्या पुरुषांना वाटलं, फार वर्षं झाली, बहिष्कार उठवून टाकू. ते चिंचेखाली बसले. तेवढ्यात येसाच्या वंशातली एक म्हातारी तिथून चालली होती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तिला आत घेणारे तुमी कोण? तुमीच या की पलीकडं."

आणि डोक्यावरची पाटी सावरत ती ओढ्यात उतरली.