इंदुलेखा आणि तीन नकार

एका राज्यात दोन जादूगारांचे युद्ध झाले आणि दोघेही मेले. मागे राहिली ती त्यांच्या मंत्रांच्या वाटेत सापडलेली माणसे. कुणी कमरेपर्यंत काचेचे झाले होते, कुणाच्या बोटांना पालवी फुटली होती, एका गवयाची सावली त्याला सोडून निघून गेली होती. राजा विजयकेतूने त्यांच्यासाठी टेकडीवर अभयशाळा बांधली. तिच्या मधल्या दालनात तांब्याचे कुंड होते आणि कुंडात निळी ज्योत तेवत असे. ती तेवत राही तोवर कुणाचाही शाप अंगात पुढे सरकत नसे.

अभयशाळेचा कारभार राजाने आपली धाकटी बहीण इंदुलेखा हिच्याकडे सोपवला, आणि युद्धात सापडलेल्या खजिन्यातली पाचूची कुंडले आपल्या हाताने तिच्या कानांत घातली. इंदुलेखा मनाची चांगली होती. प्रत्येक खाटेपाशी जाई, प्रत्येकाची विचारपूस करी. माणसे आपल्यावर खूश आहेत असे तिला वाटे, कारण जो तो तिला तसेच सांगे.

तरीही काहीतरी बिघडत चालले होते, आणि काय ते तिला उमगत नव्हते.

राजाने उत्सव मांडला होता. शेजारचे राजे अभयशाळा पाहायला येणार होते. निळ्या ज्योतीवर पणत्या पेटवून सारी टेकडी आणि सारा राजवाडा उजळायचा होता. वाड्यासाठीच्या पणत्या पेटवून नेल्याही होत्या. आता टेकडीची पाळी होती. इंदुलेखा दालनात आली तो कुंडातली ज्योत तिला बोटभर दिसली.

"सोमाजी," तिने अग्निरक्षकाला विचारले, "ज्योत एवढीशी का झाली?"

"काळजी नसावी, बाईसाहेब," असे तिला ऐकू आले. "सारे उत्तम आहे."

पण सोमाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"मग रडतोस कशाला?"

"आनंद झाला, बाईसाहेब."

तो हात जोडत होता, कुंडाकडे बोट दाखवत होता, मान हलवत होता, आणि तिच्या कानांवर पडत होते, "जशी आज्ञा, जशी आज्ञा." ती गोंधळली. पलीकडे रंगोबा विणकर खाटेवर पडला होता. कालपर्यंत त्याची काच कमरेशी होती, आज ती छातीला भिडली होती. "कसे वाटते?" तिने विचारले. "तुमच्या कृपेने बरे आहे," असे तिने ऐकले, आणि रंगोबा मात्र मूठ वळून स्वतःची छाती बडवत होता. काचेवर मूठ आपटल्याचा टणटण आवाज दालनभर घुमत होता.

इंदुलेखा बाहेर ओसरीवर येऊन बसली. डोळे एक सांगत होते, कान दुसरेच सांगत होते. कुणावर विश्वास ठेवावा? की आपल्यालाच वेड लागले?

ओसरीच्या कठड्यावर तांबड्या डोळ्यांचा भारद्वाज बसला होता. तो म्हणाला, "वेड लागलेले नाही. कानांत काय घातले आहेस ते बघ."

"तू बोलतोस?"

"बोलतो. ही कुंडले युद्धात मेलेल्या थोरल्या जादूगाराची. त्याला विरोध खपत नसे, म्हणून त्याने ती घडवली. ती घालणाऱ्याला माणसांच्या तोंडून फक्त स्वतःला हवे तेच ऐकू येते. मी पक्षी आहे, माझ्यावर त्यांची मात्रा चालत नाही. सोमाजी पंधरवडा ओरडून सांगतो आहे की प्रत्येक पणती ज्योतीचा एक तुकडा घेऊन जाते आणि ज्योत मरते. तू हसून म्हणतेस, छान, मग आणखी पेटव."

इंदुलेखेने कुंडले ओढली. ती निघेनात. कानांत मुळे धरल्यासारखी घट्ट बसली होती.

"ती कशी उतरतील?"

"तीन नकार ऐक. ऐकणे म्हणजे मान डोलावणे नव्हे, त्याप्रमाणे वागणे. दोन तुझ्या माणसांचे. तिसरा तुझा स्वतःचा."

"पण मला नकार ऐकूच येत नाही. मग ऐकू कशी?"

"ते मला ठाऊक नाही," भारद्वाज म्हणाला आणि उडून गेला.

ती दालनात परतली. काय करावे हे तिला कळत नव्हते. शेवटी ती सोमाजीपुढे जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तू बोलू नकोस. माझ्या कानांचा भरवसा नाही. मला दाखव."

सोमाजीने तिचा हात धरला आणि थेट ज्योतीवर नेला. ज्योत गार पडली होती, विहिरीतल्या पाण्यासारखी. त्याने कोऱ्या पणत्यांची पाटी उचलली, कुंडापासून दूर नेली आणि भिंतीशी पालथी घातली.

इंदुलेखेच्या मनात आले, राजा काय म्हणेल? पाहुणे वाटेवर आहेत. पण ती उठली आणि उरलेल्या पाट्याही तिने आपल्या हाताने पालथ्या घातल्या. तिच्या कानांत मधमाश्या घोंगावल्यासारखा आवाज उठला. कुंडले सैल झाली नाहीत, पण गरम झाली.

मग ती मुदपाकखान्यात गेली. तिथे भागवंती स्वयंपाकीण होती. अभयशाळेचा पहिला दगड बसला तेव्हापासून चूल तिच्याकडे होती. इंदुलेखेने पाहिले, पाहुण्यांसाठीच्या परातींत पुरणपोळ्यांची चळत होती आणि खाटांवरच्या माणसांसाठी एका पातेल्यात पाण्यासारखी पेज होती. असा हुकूम आपणच दिला होता, हे तिला आठवले. त्या वेळी भागवंती म्हणाली होती, "फार उत्तम विचार." निदान ऐकू तरी तसेच आले होते.

"भागवंती, मला दाखव. तुझ्या मनात काय आहे?"

भागवंतीने हात धुतले, पदराला पुसले. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून इंदुलेखेच्या ओंजळीत ठेवला आणि ती दाराकडे चालू लागली.

"थांब!" इंदुलेखा आडवी आली. "पुरणपोळ्या रोग्यांना वाढू. हुकूम मागे घेते. तुला काय हवे ते देते. राहशील ना?"

"राहीन, बाईसाहेब," तिला ऐकू आले. घोंगावणाऱ्या मधमाश्यांमधून ते गोड गोड आले. पण भागवंतीचे पाऊल उंबऱ्याकडेच वळलेले होते आणि तिचा चेहरा थकलेला होता, फार फार थकलेला. तिला अडवून धरणे सोपे होते. इंदुलेखेच्या ताब्यात पहारेकरी होते.

तिने दार सोडले. भागवंती गेली, मागे न पाहता टेकडी उतरून गेली. आपण बरोबर केले की चूक, हे इंदुलेखेला समजेना. तिने पुरणपोळ्या खाटांवर वाटल्या आणि उद्याची पेज चुलीवर चढवली. ती खाली लागली. कानांत आता शब्दांचे तुकडे येऊ लागले होते. "आनंद... नको... कृपेने... मरतो आहे..." कुठला तुकडा खरा आणि कुठला खोटा, ते निवडता येत नव्हते.

तेवढ्यात नौबत वाजली. राजा विजयकेतू पाहुण्यांसह टेकडी चढून आला. अंगणात एकही पणती नव्हती. राजाचा चेहरा लाल झाला, त्याने हातातली वेताची छडी जमिनीवर आपटली.

"इंदुलेखे, किती सुंदर व्यवस्था ठेवलीस!" असे तिला ऐकू आले.

तिने त्याच्या कपाळाच्या शिरेकडे पाहिले. लहानपणापासून या भावाला तिने कधी नकार दिला नव्हता. ती म्हणाली, "नाही, महाराज. उत्सव होणार नाही."

आणि तिच्याच आवाजात तिच्या कानी पडले, "होय, महाराज. आत्ता पणत्या लावते."

ती दचकली. आपण काय बोललो? तिने पुन्हा म्हटले, "नाही." कानी पडले, "होय." आपण मनात नाही म्हणतो आणि तोंडाने होय म्हणतो, असेच तर आजवर होत आले नाही ना? तिने उघड्या दारातून दालनातल्या कुंडाकडे पाहिले. ज्योत आता फक्त ठिणगी होती, आणि रंगोबाची काच गळ्याशी आली होती.

"नाही," ती म्हणाली. "नाही, दादासाहेब, नाही!"

या खेपेस तिने तो शब्द ऐकला, जसा होता तसा. कुंडले तडकली आणि फरशीवर पडली.

मग एकदम सारे कानांवर कोसळले. रंगोबाचे कण्हणे, गवयाचे रडणे, राजाचे ओरडणे, "माझी अब्रू घालवलीस!" आणि या सगळ्यांच्या वर सोमाजीचा बसलेला आवाज, "पणत्या परत आणा! बाईसाहेब, वाड्यातल्या पणत्या परत आणून कुंडात ओता, म्हणजे ज्योत वाचेल!"

"ऐकलेत, दादासाहेब?" इंदुलेखा म्हणाली.

"पाहुण्यांना मी काय सांगू?"

"ज्योत मरते आहे असे सांगा. मी सांगू का?"

राजाने दालनातल्या ठिणगीकडे पाहिले. मग त्याने घोडा मागवला. पाहुण्यांतले काही तडक निघून गेले. काही मात्र राजामागून दौडले. वाड्याच्या गच्च्यांवरून, कोनाड्यांतून, राणीच्या देवघरातून पणत्या गोळा झाल्या. वाऱ्याला हाताचा आडोसा करत माणसे टेकडी चढली. एकेक निळी कळी कुंडात पडली आणि ज्योत बोटभर झाली, वीतभर झाली, हातभर उंच उभी राहिली. तिच्या उजेडात कुंडलांचे तुकडे वितळून वाहून गेले. ज्याने ती घडवली त्याचे आणि त्याच्या शत्रूचे मंत्रही त्यांच्याबरोबर विरघळले. रंगोबाची काच गळ्यापासून छातीपर्यंत, छातीपासून कमरेपर्यंत उतरली आणि तळपायांतून पाण्यासारखी निघून गेली. पालवी गळाली. गवयाची सावली अंगण ओलांडून आली आणि त्याच्या पायांशी बसली. राज्यात पुन्हा कुणाला शाप बाधला नाही, आणि अभयशाळेत थकलेभागले वाटसरू येऊन राहू लागले.

सारे मार्गी लागल्यावर इंदुलेखा एकटीच टेकडी उतरली आणि भागवंतीच्या दारात उभी राहिली.

"परत येशील?" तिने विचारले.

"नाही," भागवंती म्हणाली.

इंदुलेखेने ते स्वच्छ ऐकले. नकारानंतर काय बोलायचे असते हे तिला ठाऊक नव्हते; तशी वेळच कधी आली नव्हती. बराच विचार करून तिने विचारले, "का?"

भागवंतीने तिला नीट न्याहाळले. मग ती आत वळली, भिंतीशी उभा केलेला पाट काढला आणि जमिनीवर मांडला.

"बसा, बाईसाहेब," ती म्हणाली. "वेळ लागेल."