शंकेचा पाट

एका राज्यात निवाडा कितीही बिनतोड असो, त्यावर शंका निघाल्यावाचून तो पक्का झाल्याचा नगारा वाजत नसे. शंका काढणाऱ्यासाठी सिंहासनाशेजारी चंदनाचा पाट असे, आणि त्यावर बसे राजा वज्रकेतूची थोरली बहीण चंपावती. राजा मोठा तल्लख, आणि हे त्याला स्वतःलाच सर्वांत जास्त ठाऊक! एकदा भर दरबारात तो चिडून म्हणाला, "ताई, माझ्या तर्काला तुझ्या शंकेची गरज नाही. पाट उचला." शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच काळा धूर उठला आणि जादूगार कालधूम्राने पाटासकट चंपावतीला उचलून नेलं.

राजा एकटाच निघाला. एक साळुंकी वाट दाखवत पुढे उडाली. आधी लागलं सावल्यांचं रान. तिथल्या सावल्या वाटसरूला भलतीकडे नेत. राजाने नजर सूर्यावर ठेवली आणि पार झाला. मग आडवा आला कायम खोटं बोलणारा तीन फण्यांचा नाग. राजाने विचारलं, "चुकीची वाट कोणती?" नागाने दाखवली, राजाने तीच धरली आणि बरोबर पोचला! आता तर त्याची छाती अशी फुगली की चिलखताच्या कड्या ताणल्या.

शेवटी आली धनाची गुहा. आत सोन्याच्या सात पुतळ्या, सातही चंपावती. साळुंकी म्हणाली, "यांतली एक खरी. बाकीच्या कालधूम्राने तुझ्याच आठवणींतून ओतल्यात. खरीला हात लावलास तर ती जिवंत होईल. खोटीला लावलास तर खरी कायमची सोन्याची, आणि तू आठवा."

राजाने एकेक पुतळी न्याहाळली. तिसरीच्या मानेवर, केसांखाली, व्रण! लहानपणी झोपाळा तुटला होता, ताईचा परकर रक्ताने भिजला होता. जखम तिला झाली, म्हणून व्रण तिचा, म्हणून पुतळी तीच. त्याने हात पुढे केला. सोनं वीतभर अंतरावर राहिलं आणि तो सवयीने नगाऱ्यासाठी थांबला.

नगारा वाजेना. कसा वाजेल? शंका कुठे निघाली होती?

राजाने स्वतःच शंका शोधून पाहिली. एकही सापडेना. पण जी चूक आपल्या डोक्यातच बसली आहे, ती त्याच डोक्याला कशी दिसणार? आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या बुद्धीला घाबरला.

"ताई," तो हात जोडून म्हणाला, "माझा निवाडा असा की तिसरी तू आहेस, कारण मानेवरचा व्रण. यात चूक असेल तर माझी मला दिसत नाही. शंका काढ."

सहाव्या पुतळीचे ओठ हलले. शंका मागितल्यावर तिला राहवतंय कुठलं!

"पडलास तू, वज्रा. मी तुला उचललं, म्हणून माझा परकर भिजला. मान चाचपून बघ."

राजाने हात मानेमागे नेला. व्रण बोटांना लागला. इतकी वर्षं तो तिथेच होता.

धावत जाऊन त्याने सहावीचे पाय धरले. सोनं खळखळा गळून पडलं, कालधूम्र धूर होऊन विरला, आणि चंपावतीने उबदार हातांनी भावाला उठवलं. दोघंही रडली.

दरबारात पाट पुन्हा मांडला गेला. राजाने निवाडा दिला, "हा पाट यापुढे कधी उठणार नाही." नगाऱ्याची टिपरी वर गेली आणि तिथेच थांबली. सारा दरबार चंपावतीकडे पाहू लागला.

"आणि पाटावरचीच चुकली तर?" ती म्हणाली.

राजा खळखळून हसला. त्याने तिच्यासमोर आणखी एक पाट मांडायला लावला, आणि मग नगारा असा वाजला की वेशीपर्यंत ऐकू गेला.