हिरडबांधावरची ओ

बसलात ना डोंग्यात? मग आता हलू नका. हा हिरडबांध तलाव कोणी खोदला, कोणाला ठाऊक नाही. आमच्या आज्याच्या आज्यालाही तो असाच म्हातारा दिसला. इकडे कमळं, पलीकडे न पेरता उगवणारं देवधान, त्यात सारसाची जोडी. दुसऱ्या तलावांवर जाळं टाकलं की ढिवर तोंडाला कुलूप लावतो, आवाजानं मासा पळतो म्हणून. इथे मात्र जाळं पाण्यात असलं तरी हाकेला ओ देतात. का, ते ऐका.

असं सांगतात, फार मागे इथे सुकरू नावाचा ढिवर होता. बायको लवकर गेली. सायत्रा ही एकुलती एक लेक त्यानं एकट्यानं वाढवली. जीव की प्राण होती ती त्याचा. पण पाण्यावर माणूस भारी कडक. जाळं खाली असताना कोणी खोकला तरी डोळे वटारायचा. पोरीलाही लहानपणापासून तीच शिकवण, की जाळं वर येईस्तोवर शब्द काढायचा नाही.

सायत्राचं लगीन ठरलं. अक्षता देवधानाच्याच हव्यात, ही तेव्हाची रीत. सकाळच्या धुक्यात बापलेक दोन डोंग्यांतून निघाले; ती देवधान झोडायला, तो लग्नाच्या जेवणाचे मासे धरायला. त्यानं जाळं सोडलं. मरळीचा असा घोळका त्यानं जन्मात पाहिला नव्हता म्हणे. इतक्यात धुक्यातून हाक आली, "बाबा!"

"चूप!" तो दबक्या आवाजात खेकसला. "मासा पळते ना, पोट्टे!"

पोरगी चूप झाली.

जाळं भरून वर आलं. सुकरूला आनंद मावेना. "सायत्रे, पाह्य तं किती मिळाले! तुह्या लग्नात अख्खं गाव जेवते!" ओ आली नाही. त्यानं डोंगा देवधानाकडे वळवला, तर तिचा डोंगा उलटा पडलेला. कमळाच्या देठांत पाय अडकून ती बुडाली होती. बापानं चूप म्हटलं आणि ती चूप राहिली. काय म्हणावं, बापा, अशा गुणी लेकराला! एकदा तरी ऐकायचं नव्हतं बापाचं.

सुकरूनं सगळे मासे पाण्यात सोडून दिले आणि पुन्हा जाळं हाती धरलं नाही. रोज डोंगा घेऊन तिथे जायचा आणि हाक मारायचा, "सायत्रे, बोल वं माय! आता बोल!" मग कान देऊन थांबायचा. बाकीचे ढिवर माना खाली घालायचे. कोणाला ऐकवत नव्हतं ते.

एके दिवशी भागरथा म्हातारी शिंगाडे काढत होती. सुकरूपेक्षाही वयानं मोठी. तिच्यानं राहवेना. त्याची हाक आली तशी ती फाटक्या आवाजात ओरडली, "हौ, बाबा!"

सुकरूनं चमकून पाहिलं. कोण बोललं ते त्याला कळलं होतं म्हणे. तरी तो म्हणाला, "बरं माय. चाल आता घरी." आणि डोंग्यातच ढसाढसा रडला. त्या दिवशी किती दिवसांनी तो धड जेवला. पुढे तो होता तोवर रोज कोणी ना कोणी त्याला ओ देत गेलं.

आजही या पाण्यावर कोणाचीही हाक आली, की जवळ असेल तो "हौ, बाबा!" म्हणतो. मिशाळ गडी म्हणतात, नातवंडांच्या आज्या म्हणतात. मासा पळतो, पळतोच. शेजारच्या गावचे हसतात आम्हाला, हसू दे.

ऐकलंत? देवधानाकडून कोणी तरी हाक दिली. जवळ आपणच आहोत. लाजू नका, द्या ओ.