निघतानाचा शब्द

“कम आणि गो, फरक काय हो दोन्हींत?”

सखाबुवांनी असं विचारलं आणि तांबवेकर मास्तर जरा चमकलेच. छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. लग्नपत्रिकेतली चूक दाखवल्याशिवाय अक्षता टाकत नसे. आणि विचारणारे हे मठातले बुवा, ज्यांनी शाळा फक्त बाहेरून पाहिलेली.

“सोपं आहे. बोलणाऱ्याकडे येणं ते कम. त्याच्यापासून दूर जाणं ते गो. अगदी विरुद्ध.”

“म्हणजे बोलणारा ठरवतो?”

“अर्थात.”

बुवांनी मान डोलावली.

“मी दुसरंच विचारायला आलो होतो,” मास्तर म्हणाले. आवाज खाली आला होता. “आई गावी असते, धाकट्या भावाकडे. आता डॉक्टरांनी हात टेकलेत. भावाशी वाजलं तेव्हापासून, अकरा वर्षं, मी तिकडे फिरकलो नाही. भाऊ फोनवर सांगतो, ती दाराकडेच बघत असते.”

“काय म्हणते?”

“म्हणते, थांबा... थोरला येतो म्हणून गेलाय.”

“मग?”

“मी तसं म्हणालोच नव्हतो, बुवा.” मास्तरांनी मान ताठ केली. “निघताना ‘येतो’ म्हणायची आपली रीत मला कधीच पटली नाही. जाणाऱ्यानं येतो कसं म्हणायचं? आणि त्या दिवशी तर रागातच होतो. उंबऱ्यात उभं राहून स्पष्ट म्हणालो, जातो.”

“आई कुठं होती?”

“दोन हातांवर.”

“आणि तिला काय ऐकू आलं?”

मास्तर उत्तर द्यायला गेले...

अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. चष्मा काढून ते उगाच पुसत बसले.

“आता कोणत्या तोंडानं जाऊ, बुवा?”

बुवा उठले. पायरीवरच्या मास्तरांच्या वहाणा त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलल्या आणि फिरवून रस्त्याच्या दिशेनं ठेवल्या.

मास्तर ओशाळून उभे राहिले. “अहो, हे काय करताय...”

“म्हातारीला खोटं पाडू नका, मास्तर.”