मांडीवरचं गाठोडं

"आणि ती, लिंबाखाली बसलेली?" अच्युतबुवांनी विचारलं.

विश्वंभरनं जीपच्या खिडकीतून एक नजर टाकली. तेवढी त्याला पुरे होती.

"नवऱ्याशी भांडून निघालीय, बुवा. पिशवी बघा, कशी ठासून भरलीय. भावाकडे चाललीय, पण भावजय दारात उभं करणार नाही हे तिला ठाऊक आहे."

सकाळी पुसद सोडल्यापासून हेच चाललं होतं. रस्त्याकडेला माणूस दिसला रे दिसला, की विश्वंभर त्याचं अख्खं आयुष्य सांगून मोकळा. मेंढ्या हाकणारा म्हातारा परागंदा झालेल्या लेकासाठी झुरत होता. पंक्चरवाला प्रेमभंगातून सावरत होता. त्या बिचाऱ्यांना स्वतःला याचा पत्ताही नव्हता.

पण ही बडबड उगाच नव्हती. नऊ वर्षं तो कीर्तनात बुवांच्या मागे झांजा वाजवत उभा होता. आता त्याला पुढे उभं राहायचं होतं. आपल्याला माणूस कळतो, एवढं एकदा बुवांना पटलं की झालं, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं.

"गाडी थांबव," बुवा चालकाला म्हणाले. मग विश्वंभरकडे वळले. "जा, तिला विचारून ये. तुझं खरं निघालं, तर आजच्या कीर्तनाला तू उभा राहा."

विश्वंभर उडी मारूनच उतरला. धोतर सावरलं. झांजांचं गाठोडं तसंच हातात होतं. गुरूच्या झांजा पांढऱ्या फडक्यात बांधायच्या, प्रवासभर मांडीवर धरायच्या, खाली म्हणून टेकवायच्या नाहीत, असा बुवांच्या घराण्याचा दंडक होता.

त्याला येताना पाहून बाई उठली. तिनं चपला काढून बाजूला सारल्या, डोक्यावर पदर घेतला आणि गाठोड्याला हात जोडले.

"मायच्या अस्ती हायेत का बापाच्या?"

नाही हो, या झांजा आहेत. एवढंच सांगायचं होतं...

"आईच्या," विश्वंभर म्हणाला.

आपण हे बोललो, यावर त्याचाच विश्वास बसेना.

"शेवटची भेट झालती का?"

"...नाही. तीन वर्षं गेलोच नाही."

"तिनं बलावलं नाही?"

"दर दिवाळीला."

बाईनं गाठोड्यावर तळवा ठेवला, निजलेल्या लेकराला थोपटावं तसं दोनदा थोपटलं. "जपून न्या भाऊ," म्हणाली.

एवढ्यात एसटी आली. बाईनं चपला पायांत सरकवल्या, पिशवी उचलली आणि ती चढली. बस दिसेनाशी झाली तरी विश्वंभर तिथंच उभा होता.

चालकानं दोनदा हॉर्न दिला, तेव्हा कुठे तो परतला.

"काय म्हणाली?" बुवांनी विचारलं.

"तिचं विचारायचं राहिलं."

बुवांनी गाठोड्याकडे पाहिलं.

"बुवा, तिला वाटलं या अस्थी आहेत. आणि मी म्हणालो, आईच्या." त्यानं गाठोडं मांडीवर घट्ट धरलं. "माझी आई धडधाकट आहे हो! परवाच फोन आला होता तिचा. मग मी असं का म्हणालो? खोटंच बोललो, तर मला रडू का येतंय? आणि तिचं सगळं चुकलं, तर... तर तिनं विचारलेलं एकूण एक बरोबर कसं?"

जीप पुन्हा चालू लागली. रस्त्याकडेची माणसं मागे जात राहिली. विश्वंभरनं एकाकडेही पाहिलं नाही.

बुवा त्याच्याकडे वळले.

"आजच्या कीर्तनाला तू उभा राहा," ते म्हणाले. "हेच प्रश्न घेऊन. पण त्यांचं उत्तर सापडलं, तर तिथंच खाली बस."