काठावरची पुटिका

"मग ती पुटिका आपलं रसायन सोडते कधी?" गुरुजींनी विचारलं.

हेरंबला हसू आलं. याच प्रश्नावर त्याची अकरा वर्षं गेली होती.

गुरुजी एकेकाळी त्याला कॉलेजात शिकवत. आता गावाबाहेरच्या टेकडीवर, एका मठीत एकटेच राहत. आपला शोध त्यांच्या कानावर घालायला तो मुद्दाम चढून आला होता.

त्यानं भरभरून सांगितलं. मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना शिवत नाहीत, मध्ये बारीक फट असते. निरोपाचं रसायन भरलेल्या इवल्या पिशव्या, म्हणजे पुटिका, त्या फटीच्या काठाशी येतात. काही प्रथिनं त्यांना तिथं बांधून ठेवतात, काही काठाच्या पडद्याकडे ओढत नेतात. आणि एक प्रथिन त्यांना अगदी शेवटच्या क्षणी रोखून धरतं. ते कसं रोखतं, हे हेरंबनं शोधलं होतं.

"तयारी सगळी झालेली असते. फक्त इशारा यायचा असतो."

"पलीकडच्या पेशीकडून?"

"नाही. अलीकडच्याच. जी निरोप पाठवणार असते, तिच्याकडून."

मग गुरुजींनी हळूच त्याच्या थोरल्या बहिणीची, अक्काची चौकशी केली.

हेरंबची मान खाली गेली. नऊ वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा प्रयोग अर्धवट टाकवेना म्हणून तो घरी आला नव्हता. अक्कानं एकटीनं सगळं केलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. काय बोलायचं ते त्याला तोंडपाठ होतं, असं तो म्हणाला. अक्कानं एकदा हाक मारावी, एवढंच...

गुरुजींनी चटईवर पडलेला त्याचा मोबाईल उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.

त्यानं नंबर लावला.

"हॅलो?" अक्काचा आवाज. थकलेला, म्हातारा झालेला.

"..."

"कोण बोलतंय?"

पाठ केलेलं एकही अक्षर ओठांवर येईना.

पलीकडून पुन्हा प्रश्न आला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मागे कुकरची शिट्टी झाली, तरी श्वास तिथेच होता...

हेरंबनं फोन बंद केला.

दारातून वारा आत आला. टेकडीवर त्या दोघांशिवाय माणूस नव्हतं.

"नाही जमलं," तो म्हणाला. "संपलं सगळं."

"फोन कुणी ठेवला?"

"मी."

गुरुजी उठले, त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले,

"म्हणजे ती अजून तिथेच आहे."