तीन शिष्यांची जड नाव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव आता कुणालाच आठवत नाही. तिथे नदीकाठी एक गुरू राहत असे. पूल, रहाट, नावा, माणसाच्या उपयोगी पडेल ते बांधायची विद्या तो शिकवी. त्याचे तीन शिष्य भारी हुशार. एक लाकूडकामात तरबेज, दुसरा लोखंडात, तिसरा तोल साधण्यात. आणि प्रत्येकाला वाटे, आपल्यासारखे आपणच!

शेजारच्या गावात एक विधवा नावाडीण होती. तिची नाव कुजली होती. त्या गावची रीत अशी, की जत्रेच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जो कोणी पाटील आणि नऊ पंचांना पाय न भिजवता पैलतीरी नेईल, त्यालाच वर्षभर उतारू नेण्याचा हक्क मिळे. हक्क गेला तर तिची चूल विझणार होती. ती गुरूकडे येऊन रडली.

गुरूने शिष्यांना एकत्र बसवले. "हीच तुमची परीक्षा. हिच्याशिवाय दहा माणसे बसतील अशी नाव हवी. आधी ठरवा, मगच हत्यार उचला."

तिघांनी वाळूत आकृती काढली. फळ्या किती जाड, त्यांना लोखंडी पट्ट्या किती, नाव डुलू नये म्हणून तळाशी दगड किती, सगळे ठरले. माना डोलल्या. पण माना डोलल्या म्हणजे मने जुळली असे थोडेच असते?

लाकूडवाला कामाला लागला आणि मनात म्हणाला, "तो लोखंडवाला आळशी. पट्ट्या ढिल्याच ठोकणार." म्हणून त्याने गुपचूप आतून फळ्यांचा दुसरा थर बसवला. लोखंडवाल्याची पाळी आली. "याच्या फळ्या कच्च्या असणार," म्हणून त्याने दुप्पट पट्ट्या ठोकल्या. तिसऱ्याला वाटले, "या दोघांनी नाव एका अंगाला कललेली केली असणार." त्याने दगड वाढवले आणि वरून फळ्यांनी झाकले.

गुरू रोज विचारी, "ठरल्याप्रमाणे चाललंय ना?"

"अगदी ठरल्याप्रमाणे, गुरुजी!"

या वाढीव कामात दिवस सरले. नाव तयार झाली ती थेट जत्रेच्या दिवशी, दुपार कलल्यावर. पाण्यात तपासून पाहायलाही वेळ उरला नाही.

पाटील बसले, पंच बसू लागले. सहावा बसला आणि पाणी काठाला टेकले. सातव्याने पाऊल ठेवताच पाटलांचे धोतर भिजले. सगळे आरडाओरडा करत उतरले.

शिष्य चक्रावले. एवढी मजबूत नाव बुडते कशी? आकृती चुकली म्हणावे, तर ती तिघांनी तपासलेली. नदीच बदलली की काय?

शेवटी तिसरा चाचरत म्हणाला, "मी... जरा जास्त दगड टाकलेत."

"मग काढ ना!" लाकूडवाला म्हणाला.

"काढले आणि तुझ्या फळ्यांनी दगा दिला तर? आधी तू सांग, तू काय केलंस?"

"आधी तो सांगू दे!" लाकूडवाल्याने लोखंडवाल्याकडे बोट दाखवले.

आधी कोण, आधी कोण, यातच ऊन उतरले. नावाडीण हात जोडून म्हणत होती, "लेकरांनो, काहीतरी करा रे!" तेवढ्यात वरच्या वळणावरचा एक नावाडी आपली ठिगळे लावलेली नाव घेऊन आला, दहाही माणसांना घेऊन कोरडा पार गेला, आणि पाटलांनी हक्काचा नारळ त्याच्या हाती दिला.

तेव्हा कुठे तिघांची तोंडे उघडली. जास्तीचे दगड निघाले, जास्तीच्या पट्ट्या निघाल्या, आतला थर निघाला. नाव पाण्यावर अलगद तरंगू लागली. तिघे खाली मान घालून उभे राहिले.

नावाडिणीने नावेवरून हात फिरवला. "छान झाली रे नाव," ती म्हणाली. "आता यातून नेऊ कुणाला?"

ते वर्ष तिने दुसऱ्याच्या नावेवर वल्ही मारून काढले. गुरूने शिष्यांना परीक्षेत नापास केले. स्वतःलाही केले, कारण त्याने कामाची चौकशी रोज केली, पण एकमेकांवरच्या विश्वासाची एकदाही केली नाही.

तात्पर्य : सोबत्यावरचा अविश्वास जो तो गुपचूप नावेत भरतो, आणि बुडते मात्र सगळ्यांची नाव.